कोचीत तीन दिवस, त्यांतला एक शुक्रवार

वाचकाचे पत्र: आम्ही नाशिकचे. जानेवारीत शुक्रवारी सकाळी कोचीला उतरून रविवारी रात्रीच्या विमानाने परतणार आहोत. तिकिटे काढून झाली आहेत. मी, यजमान, बारा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे आहोत. सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. आम्ही तिघे मासे-मटण खातो. सगळे म्हणतात की कोची एका दिवसात उरकते, बाकीच्या वेळात मुन्नार करून या. तुमचे मत काय? कोचीतच राहिलो तर काय पाहावे, कोठे जेवावे, मसाले आणि केरळी साडी कोठून घ्यावी आणि फसवणूक कशी टाळावी?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आधी मुन्नारचा विषय मिटवू. कोचीपासून मुन्नार सुमारे 130 किलोमीटरवर आहे आणि घाटामुळे जायलाच चार तास सहज लागतात. तीन दिवसांतला एक पूर्ण दिवस वळणांवर घालवून, दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाईंना गाडीत बसवून ठेवून, चहाचे मळे खिडकीतून पाहण्यात मला अर्थ दिसत नाही. मुन्नारसाठी वेगळी सुट्टी काढा. कोची एका दिवसात उरकते असे जे सांगतात, ते चिनी जाळी, चर्च, सिनेगॉग आणि राजवाडा या चार ठिकाणी टॅक्सीतून उतरून, फोटो काढून पुन्हा टॅक्सीत बसलेले असतात. त्यांचे त्यांच्यापुरते बरोबरच आहे.

या शहराचा स्वभाव मात्र वेगळा आहे. 1341 मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिस हे त्या किनाऱ्यावरचे प्राचीन बंदर गाळाने निकामी झाले आणि कोचीच्या खाडीचे मुख रुंदावले, असे मानले जाते. तेव्हापासून मिरीच्या व्यापारासाठी जे कोणी आले, ते येथेच शेजारी शेजारी वस्ती करून राहिले: अरब, ज्यू, गुजराती, कच्छी, गोव्याहून आलेले कोंकणी, आणि मग एकामागून एक पोर्तुगीज, डच व इंग्रज. प्रत्येकाची गल्ली, प्रार्थनास्थळ, स्वयंपाक आणि धंदा वेगळा. त्यामुळे पाहणे, खाणे आणि खरेदी यांच्या तीन वेगळ्या याद्या करून येथे काही साधत नाही. ज्या गल्लीत जे पाहाल, त्याच गल्लीत त्या लोकांचे खावे आणि त्यांच्या धंद्याचा माल घ्यावा, हाच बेत सोयीचा पडतो.

तुमची खरी अडचण मुन्नार नसून वार आहेत. फोर्ट कोचीला लागून असलेल्या मट्टनचेरी भागातला राजवाडा शुक्रवारी बंद असतो. तिथलेच परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असते, आणि शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होत असल्याने शुक्रवारचाही भरवसा धरू नये. घाऊक मसाल्याच्या पेढ्या आणि सरकारी विक्रीकेंद्रे रविवारी बंद असतात. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकाने आत घुटमळणे बरे नव्हे. म्हणून शुक्रवार फोर्ट कोचीसाठी, शनिवार मट्टनचेरीच्या बाजारासाठी व राजवाड्यासाठी आणि रविवारची सकाळ सिनेगॉगसाठी ठेवा. हा क्रम उलटा केलात तर निम्मी दारे बंद मिळतील.

मुक्काम फोर्ट कोचीतच करा. खाडीपलीकडच्या एर्नाकुलममध्ये हॉटेले मोठी आहेत, पण रोज पुलांवरच्या वाहतुकीत तास-तास जातो. फोर्ट कोचीच्या जुन्या घरांमध्ये कुटुंबे चालवतात असे होमस्टे भरपूर आहेत. खोली तळमजल्यावर हवी असे आधीच सांगून ठेवा, कारण जुन्या घरांचे लाकडी जिने उभे असतात. नाश्ता घरचाच घ्या. कडा जाळीदार आणि मधोमध फुगीर असलेले अप्पम आणि नारळाच्या दुधातला बटाट्याचा इष्टू सासूबाईंना नक्की रुचेल. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले पुट्टू आणि काळ्या चण्यांची कडला करी हाही शाकाहारी बेत आहे. डासांचा बंदोबस्त मात्र नाशिकहूनच घेऊन जा. कोचीच्या डासांची ख्याती मिरीइतकीच जुनी असावी.

शुक्रवारी विमानतळावरून फोर्ट कोचीला पोहोचायला दीड ते दोन तास धरा; अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. दुपारी विश्रांती घेऊन चारच्या सुमारास बाहेर पडा, कारण जानेवारीतही दमटपणा घाम काढतो. सेंट फ्रान्सिस चर्चपासून सुरुवात करा. 1503 मध्ये पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधला, तो भारतातला युरोपीय लोकांचा पहिला किल्ला, आणि त्याच्याच आवारात लाकडाचे चर्च उभे राहिले. आजची दगडी इमारत त्यानंतरची. 24 डिसेंबर 1524 रोजी वास्को द गामा कोचीतच वारला आणि येथेच त्याला पुरले. 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आता आत कठड्याने वेढलेली एक शिळा तेवढी आहे. मुलीला ती दाखवा, पण त्याहून छताकडे पाहायला सांगा: बाकांवर लांबच लांब कापडी पंखे टांगलेले आहेत आणि त्यांच्या दोऱ्या बाहेरच्या बाजूस जातात, जेथे बसून नोकरमाणसे ते ओढीत. कोण थंड हवेत प्रार्थना करीत होते आणि कोण घामाघूम होऊन दोरी ओढीत होते, हे त्या एका व्यवस्थेत दिसते. जवळच्या सांता क्रूझ बॅसिलिकाचा इतिहास याच काळापासून सुरू होतो, पण जुनी इमारत इंग्रजांनी 1795 मध्ये पाडली. आजची 1905 ची आहे. रंगवलेले छत सुरेख आहे, दहा-पंधरा मिनिटे पुरतील.

चिनी जाळी सूर्यास्ताला पाहायची असा रिवाज आहे आणि त्या वेळी तेथे पाय ठेवायला जागा नसते. माझे मत विचाराल तर शनिवारी सकाळी सात वाजता जा. सागाच्या आणि इतर लाकडांच्या त्या प्रचंड सांगाड्याच्या एका टोकाला जाळे आणि दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठमोठे धोंडे असतात. पाच-सहा माणसे मिळून दोर ओढतात, धोंडे एकामागून एक फळीवर येऊन टेकतात आणि समोर पाणी निथळणारे जाळे वर येते. पाच-दहा मिनिटे पाण्यात बुडवून काढलेल्या जाळ्यात पुष्कळदा मूठभर मासळी आणि ढीगभर जलपर्णी निघते. अलीकडे हा धंदा मासळीपेक्षा पाहणाऱ्यांवर अधिक चालतो. कोळी तुम्हाला हसून दोर ओढायला बोलावतील आणि नंतर पैसे मागतील. ते मागणे गैर नाही, पण किती द्यायचे ते आधी बोलून घ्या. काठावर मासळी विकणारे असतात आणि ती शेजारच्या खानावळीत शिजवून मिळते. तो सौदा टाळा असे मी सुचवीन: सगळी मासळी समोरच्या जाळ्यातली असते असे नाही, वजन आणि भाव पर्यटक पाहून ठरतात आणि शिजवण्याचे पैसे वेगळे पडतात.

शुक्रवारची संध्याकाळ कथकलीला द्या. फोर्ट कोचीत पर्यटकांसाठी रोज प्रयोग करणारी केंद्रे आहेत आणि बॅसिलिकेजवळचे केरळ कथकली सेंटर त्यांतले जुने आहे. प्रयोग साधारण सहाला असला तरी पाचलाच जाऊन बसा, कारण रंगभूषा प्रेक्षकांसमोर होते. नट आडवा पडतो, रंगकर्मी त्याच्या जबड्याभोवती पांढऱ्या कागदाची चुट्टी चिकटवतो, हिरवा रंग चढत जातो आणि ओळखीच्या चेहऱ्याचा बघता बघता नायक होतो. बारा वर्षांच्या मुलीला हा तास मूळ प्रयोगापेक्षा अधिक आठवणीत राहील. खुर्च्या असतात, त्यामुळे सासूबाईंचीही अडचण नाही. रात्री जवळच साधे जेवण घ्या: तुमच्यासाठी नारळाच्या दुधातले फिश मोइली आणि सासूबाईंसाठी भाज्यांचा अवियल. पेल्यात कोमट गुलाबी पाणी आले तर परत पाठवू नका. पतंगाच्या लाकडाचा ढलपा टाकून उकळलेले ते पिण्याचेच पाणी असते.

शनिवार हा मुख्य दिवस. जाळी पाहून, नाश्ता करून दहाच्या सुमारास रिक्षाने मट्टनचेरीच्या राजवाड्याला जा. लोक त्याला डच पॅलेस म्हणतात, पण सोळाव्या शतकाच्या मध्यात तो पोर्तुगिजांनी बांधून राजाला नजर केला. डचांनी पुढे डागडुजी केली आणि नाव त्यांचे राहिले. बाहेरून पाहाल तर निराश व्हाल, इतका तो साधा आहे. जिना चढून वरच्या मजल्यावर जावे लागते, म्हणून सासूबाईंना हळूहळू चढवा, पण चढवाच. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलेले आहे, तेही चित्राला चित्र भिडवून, मध्ये बोटभरही जागा न सोडता. गेरूचा तांबडा, पिवळा आणि हिरवा हे रंग मुख्य आहेत. सासूबाईंना कथा पाठ असेलच. मुलीला प्रसंग ओळखून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. आत फोटो काढता येत नाहीत, तेव्हा मोबाइल पिशवीत ठेवून तासभर निवांत पाहा.

तेथून बाजार रोड पायी अंतरावर आहे. सासूबाई थकल्या असतील तर त्यांना यजमानांबरोबर ज्यू टाऊनमधल्या, म्हणजे सिनेगॉगच्या गल्लीतल्या, एखाद्या कॅफेत बसवा आणि तुम्ही मायलेकी पुढे जा. खाडीला समांतर जाणाऱ्या या अरुंद रस्त्यावर कौलारू गोदामे आहेत, हातगाड्यांवर तांदूळ, मिरची आणि सुंठेची पोती चालतात आणि दाराशी उभे राहिले तरी नाकाला झणका बसतो. ज्यू टाऊनमध्ये मिरीचा वायदेबाजार भरत असे आणि दलाल ओरडून भाव पुकारीत. आता ते काम संगणकावर गेले आहे, पण पेढ्या आहेत.

मसाल्यांबाबत सविस्तर सांगतो, कारण फसवणूक येथेच होते. ज्यू टाऊनच्या तोंडाशी सुबक पुड्यांत बांधलेले मसाले ठेवणारी दुकाने दिखाऊ आणि महाग आहेत. बाजार रोडवर उघड्या गोणीतून तोलून देणाऱ्याकडे जा आणि पूड कधीही घेऊ नका, अख्खेच घ्या. मिरी मोठ्या, जड आणि सुरकुतलेल्या दाण्याची पाहावी. चिमूटभर पाण्यात टाकली असता चांगला दाणा बुडतो; पोकळ दाणे आणि भेसळीतल्या पपईच्या बिया तरंगतात. वेलदोडा मिलिमीटरच्या मापाने विकला जातो आणि आठ मिलिमीटरचा उत्तम धरतात. मात्र भडक, एकसारखा हिरवा रंग दिसला की सावध व्हा. एक वेलदोडा सोलून पाहा: आतले दाणे काळेभोर आणि किंचित चिकट असावेत, पांढुरके, सुकलेले असतील तर माल जुना आहे. लवंगेच्या देठात नख रुतवले की तेल दिसले पाहिजे. दालचिनी मागितली की बहुधा जाड, कडक कॅसियाची साल पुढे करतात. खरी दालचिनी कागदासारखी पातळ, अनेक पदरांची आणि हाताने सहज मोडणारी असते, आणि दामही जास्त पडतो. जायपत्री घेणार असाल तर तांबूस, अखंड आणि लवचीक पाहून घ्या. केशर कोचीत घ्यायचे काहीच कारण नाही.

एक वस्तू मात्र आवर्जून घ्या: कुडमपुळी. आपल्या कोकमाच्याच कुळातले हे फळ धुरावर सुकवून काळेकुट्ट करतात आणि लाल फिश करीला त्याचाच आंबटपणा असतो. तुमच्याकडे माशांना आमसूल घालत असाल तर एकदा हे घालून पाहा; दोन पाकळ्या पुरे, आणि आधी कोमट पाण्यात भिजवा. धुराचा वास उग्र असल्याने दुहेरी पिशवीत बांधून घ्या, नाहीतर सगळ्या कपड्यांना तोच वास येईल.

दुपारचे जेवण दोन ठिकाणी विभागावे लागेल आणि त्याला इलाज नाही. न्यू रोडवरचे रहमतुल्ला हॉटेल, ज्याला सारे कोची कायीज म्हणते, तेथली मटण बिर्याणी आखूड, बारीक दाण्याच्या तांदळाची असते. हैदराबादी बिर्याणीच्या तिखटाची अपेक्षा ठेवून गेलात तर ती सौम्य वाटेल, पण तुपात भिजलेला तो तांदूळ हीच तिची खरी ओळख आहे. साडेबारापर्यंत पोहोचा, उशीर झाला की बिर्याणी संपलेली असते. बसण्याची जागा साधी आहे आणि मागे लोक उभे असतात, तेव्हा गप्पा जेवण झाल्यावर कराव्यात. तेवढ्यात यजमानांनी सासूबाईंना गुजराती रोडवर न्यावे, मग पाळीपाळीने जेवा. पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या गुजराती व्यापाऱ्यांची ही वस्ती असल्याने शाकाहारी खाणे, फरसाण आणि मिठाई तेथे विनासायास मिळते; शांतिलाल मिठाईवाला हे त्या रस्त्यावरचे जुने नाव आहे.

मराठी माणसाने चेरलाई भागात एक चक्कर टाकावी असे मला मनापासून वाटते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोवा सोडून आलेली गौड सारस्वत कुटुंबे येथे वसली. त्यांचे तिरुमल देवस्वम, म्हणजे वेंकटाचलपतीचे मोठे मंदिर, येथेच आहे आणि आसपास कोंकणी कानांवर पडते. दुकानांत पापड आणि लोणची मिळतात. केरळातल्या बहुतेक मंदिरांप्रमाणे पुरुषांना सदरा काढून आत जावे लागते, हे यजमानांना आधी सांगून ठेवा. याच समाजातले रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन वैद्य डच गव्हर्नर व्हान रीड याने तयार करवून घेतलेल्या 'होर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ग्रंथाला मदत करीत होते. 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या त्याच्या पहिल्या खंडात त्यांचे कोंकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. कोचीच्या गल्लीत लिहिलेली नागरी अक्षरे त्या काळी हॉलंडात छापली गेली, याचे मला दर वेळी नवल वाटते.

संध्याकाळी साडीसाठी वॉटर मेट्रोने एर्नाकुलमला जा. फोर्ट कोची ते हायकोर्ट ही बोट वातानुकूलित आहे, आणि तरंगता धक्का बोटीच्या पातळीतच राहत असल्याने सासूबाईंना चढउताराचा त्रास होणार नाही; गोदीतल्या क्रेन आणि जहाजे पाहायची तर याहून स्वस्त जागा नाही. वॉटर मेट्रोची सेवा एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. शेवटची परतीची फेरी किती वाजता आहे ते जातानाच विचारून ठेवा. हायकोर्टहून महात्मा गांधी रोडला रिक्षाने जा आणि हँटेक्स या सहकारी संस्थेच्या दुकानात हातमागाची कसवू, म्हणजे सोनेरी जरीकाठाची, साडी पाहा. चेंदमंगलम आणि बलरामपुरम या दोन्ही ठिकाणच्या मालाला भौगोलिक मानांकन आहे. दुकानदार सेट मुंडू पुढे करील. ती दोन तुकड्यांची जोडी असते, सलग साडी नव्हे, आणि घरी येऊन घडी मोडल्यावर हे लक्षात येणाऱ्या पुष्कळ आहेत. पांढऱ्या-सोनेरी रंगात यंत्रमागाचा माल भरपूर आहे, म्हणून हातमागाचे चिन्ह पाहा आणि काठाची उलटी बाजू तपासा. तुम्ही नाशिकच्या आहात, येवल्याला पैठणी घेताना जरीबद्दल जे प्रश्न विचारता, तेच येथेही बेधडक विचारा.

रात्री तेथेच जेवा. ग्रँड हॉटेलच्या पॅव्हेलियनमध्ये करीमीन पोळ्ळिचतू, म्हणजे मसाला लावून केळीच्या पानात भाजलेला करीमीन, चांगला मिळतो. गोव्याकडे याच माशाला कालुंदर म्हणतात. काटे बरेच असतात, मुलीला सांभाळून द्या. सासूबाईंसाठी भारत हॉटेलचे शाकाहारी जेवण किंवा पै यांच्याकडचा डोसा हे दोन्ही पर्याय एर्नाकुलममध्येच आहेत.

जुन्या वस्तूंच्या दुकानांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण ज्यू टाऊनमध्ये त्यांच्यापासून सुटका नाही. उरुळ्या ही पितळी पसरट भांडी, नेट्टूरपेट्टी हे दागिन्यांचे लाकडी डबे, देव्हाऱ्यांचे कोरीव खांब हे सगळे हौसेने पाहा; मात्र जे जुने म्हणून विकले जाते त्यातले बरेच नवे करून जुने दिसावे असे रापवलेले असते. आवडले तर नव्याच्या किमतीत घ्या. खरोखर काही घ्यायचेच असेल तर आरन्मुळा कण्णाडी हा धातूचा आरसा सरकारी हस्तकला केंद्रातून घ्यावा. त्याची परीक्षा सोपी आहे: नखाचे टोक टेकवले असता नख आणि प्रतिबिंब यांत फट दिसत नाही, कारण प्रतिबिंब काचेमागे नव्हे तर पृष्ठभागावरच पडते. रिक्षावाला स्वस्तात गाव दाखवतो म्हणाला तर दोन-तीन एम्पोरियममध्ये दहा-दहा मिनिटे बसावे लागेल हे गृहीत धरा. दुकानाकडून त्याला कमिशन मिळते.

रविवारी सामान बांधून होमस्टेमध्येच ठेवा आणि दहा वाजता सिनेगॉगच्या दारात हजर राहा. 1568 सालचे हे प्रार्थनागृह लहानसेच आहे. पादत्राणे बाहेर काढावी लागतात, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. जमिनीवर अठराव्या शतकात चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, प्रत्येक हाताने रंगवलेली, आणि कोणत्याही दोन एकसारख्या नाहीत असे सांगतात. मुलीला दोन सारख्या शोधायला लावा, तेवढ्या वेळात तुमचे झुंबर आणि पितळी कठड्याचे व्यासपीठ पाहून होईल. 1948 नंतर बहुतेक ज्यू इस्रायलला गेले, त्यामुळे गल्लीत नावे त्यांची आणि दुकाने इतरांची अशी स्थिती आहे. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंना धर्मग्रंथ शिकवायला एकोणिसाव्या शतकात जे शिक्षक आले, त्यांत कोचीचे ज्यूही होते. अलिबागेकडच्या शनिवार तेली लोकांविषयी, म्हणजे याच बेने इस्रायलांविषयी, सासूबाईंनी ऐकले असेल, तर हा धागा त्यांना सांगा.

दुपारी जेवून निघा आणि वाटेत तेवरा येथील केरळ फोकलोअर म्युझियम पाहा, विमानापूर्वीच्या दोन तासांचे त्याहून चांगले काही होणार नाही. तीन मजले आहेत. सासूबाई तळमजल्यावरच थांबल्या तरी मुखवटे, दिवे आणि लाकडी कोरीवकाम पुरेसे पाहून होते. केळ्याचे वेफर्स मात्र शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. ते नेंद्र केळ्याचे, खोबरेल तेलात समोर तळलेले हवेत, आणि विकत घेण्याआधी एक खाऊन पाहावा, कारण तेल जुने असेल तर पहिल्याच घासाला खवट लागते. गुळात घोळवलेले जाड तुकडे, म्हणजे शर्करा वरट्टी, त्याच दुकानात असतात. तेही पावशेर घ्या. दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा, सामानाच्या बॅगेत त्यांचा चुरा होतो.